मालवण बंदर आणि परिसर

मालवण हे महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अरबी समुद्राच्या काठावरचे नगर, तालुक्याचे मुख्य ठिकाण आणि दक्षिण कोकणातील एक जुने बंदर आहे. शहरासमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग हा जलदुर्ग, लगतचे समुद्रातील प्रवाळ, तारकर्ली व देवबागचे वाळूचे किनारे आणि मालवणी बोली व खाद्यपदार्थ यांमुळे हे गाव महाराष्ट्रभर परिचित आहे. जिल्ह्याला नावही येथील किल्ल्यावरूनच मिळाले आहे. व्यापारी बंदर म्हणून मालवणचे महत्त्व आता फारसे उरलेले नाही. मासेमारी आणि पर्यटन हे येथील आजचे दोन मोठे व्यवसाय असून ते दोन्ही किनाऱ्यालगतच्या त्याच अरुंद जलपट्ट्यावर अवलंबून आहेत.

नाव

मालवण या नावाविषयी दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. पहिलीनुसार परिसरातील मिठागरांमुळे ‘महालवण’ असे नाव पडले व त्याचे पुढे मालवण झाले. दुसरीनुसार ‘माड’ आणि ‘बन’ या शब्दांपासून, म्हणजे माडांचे बन या अर्थाने, हे नाव तयार झाले. दोन्ही लोकव्युत्पत्ती आहेत. स्थानिक उच्चारात गावाचे नाव ‘मालवण’ आणि बोलीचे ‘मालवणी’ असे असले, तरी मालवणी बोलीचा विस्तार तालुक्यापुरता मर्यादित नाही. थोड्याफार फरकाने ती सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या बहुतेक भागात बोलली जाते.

भूगोल

मालवण उष्ण कटिबंधात, सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तालुक्याच्या दक्षिणेस कर्ली नदी आणि उत्तरेकडे गड नदी समुद्रास मिळते. शहराच्या उत्तर अंगाला कोळंबची लहान खाडी आहे. जमीन प्रामुख्याने जांभ्या खडकाची आहे. चिरे काढून घरे बांधण्याची येथील पद्धत त्यातूनच आली. किनाऱ्यालगत माड व पोफळीच्या बागा, खाडीकाठी कांदळवने आणि आतल्या बाजूस भातशेती, आंबा व काजूच्या बागा असा साधारण क्रम आढळतो.

या बंदराचे खरे वैशिष्ट्य मात्र पाण्याखाली आहे. मालवणसमोरचा समुद्र खडकांनी भरलेला आहे. काही खडक बेटांच्या रूपाने कायम उघडे असतात, काही ओहोटीला डोके वर काढतात आणि बरेचसे कधीच दिसत नाहीत. त्यांच्यामधून बंदरात येणाऱ्या वाटा अरुंद व वाकड्या आहेत. अनोळखी जहाजाला त्या धोक्याच्या होत्या आणि ओळखीच्या नाखव्याला त्याच संरक्षण देत. किल्ल्याची जागा, बंदराची मर्यादा, प्रवाळांची वस्ती, जाळे कोठे टाकावे याचे नियम आणि होड्यांचे अपघात या सर्व गोष्टींचा संबंध शेवटी या खडकांशी येतो.

पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वारे थेट किनाऱ्यावर येतात. जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिलिमीटरच्या पुढे असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात समुद्र खवळलेला असतो.

इतिहास

सतराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी अशा अनेक सत्तांचा वावर होता. मुरूडजवळचा जंजिरा हाती येत नसल्यामुळे स्वराज्याला स्वतःच्या भक्कम सागरी ठाण्याची गरज होती. शिवाजी महाराजांनी मालवणसमोरचे कुरटे बेट त्यासाठी निवडले. बेटावर गोडे पाणी होते, भोवतीच्या खडकांमुळे मोठी जहाजे जवळ येऊ शकत नव्हती आणि किनारा हाकेच्या अंतरावर होता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याच्या कामाची पायाभरणी झाली. ज्या खडकावर पूजा झाली तो ‘मोरयाचा धोंडा’ मालवणच्या किनाऱ्यावर आजही आहे. त्यावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग आणि पादुका कोरलेल्या आहेत. सिंधुदुर्गाकडे जाण्याच्या घाईत बहुतेक पर्यटक तो पाहत नाहीत.

बांधकामावर हिरोजी इंदुलकर यांची देखरेख होती, असे सांगितले जाते. पायाचे दगड पक्के बसविण्यासाठी शिसे ओतल्याचे वर्णन बखरीत येते. सुमारे तीन वर्षांत काम पूर्ण झाले. मुख्य किल्ल्याच्या रक्षणासाठी परिसरात आणखी तीन दुर्ग होते: किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्यामध्ये पद्मगड, शहराच्या उत्तर टोकाला राजकोट आणि कोळंब खाडीपलीकडे सर्जेकोट. पद्मगडाचा उपयोग जहाजबांधणी व दुरुस्तीसाठी होत असे. चारही ठिकाणे एकत्र पाहिली म्हणजे सिंधुदुर्ग हा एकटा किल्ला नसून संपूर्ण बंदराचीच तटबंदी होती, हे लक्षात येते.

वारणेच्या तहानंतर (१७३१) सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे राहिला. मालवणच्या आरमाराकडून व्यापारी जहाजांना होणाऱ्या उपद्रवाचे कारण देऊन मुंबईकर इंग्रजांनी १७६५ मध्ये किल्ला जिंकला आणि त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. किल्ला सांभाळण्याचा खर्च त्यांना परवडण्यासारखा नव्हता. पुढील वर्षी खंडणी व अटी ठरवून तो कोल्हापूरला परत देण्यात आला. १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने मालवण कायमचे कंपनी सरकारकडे गेले. ब्रिटिश काळात आणि स्वातंत्र्यानंतरही बराच काळ ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला.

रस्ते दुर्गम असलेल्या काळात मुंबई आणि दक्षिण कोकण यांच्यातील मुख्य दुवा आगबोट हाच होता. मुंबई–गोवा मार्गावरील आगबोटी मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांवर थांबत. खडकांमुळे आगबोट धक्क्याला लागू शकत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू व सामान पडावांतून किनाऱ्यावर आणले जाई. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत काम करणाऱ्या चाकरमान्यांचे गणपतीला व शिमग्याला गावी येणे बराच काळ या बोटींवर अवलंबून होते, मात्र ऐन पावसाळ्यात वाहतूक बंद असे. रस्ते सुधारल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही सेवा बंद पडली आणि प्रवासी बंदर म्हणून मालवणचे काम संपले.

सिंधुदुर्ग किल्ला

मालवणच्या जेटीवरून होडीने १० ते १५ मिनिटांत किल्ल्यावर पोहोचता येते. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर असून नागमोडी तटाची लांबी सुमारे ३ किलोमीटर भरते. तट बेटाच्या कडेने, खडकाच्या उंचसखल रेषेला धरून बांधला आहे. दरवाजा दोन बुरुजांच्या आड अशा रीतीने लपविला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. प्रवेशद्वाराजवळ चुन्यातील हाताचा व पायाचा ठसा दाखविला जातो. ते शिवाजी महाराजांचे ठसे असल्याची श्रद्धा आहे.

आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या या मंदिरातील शिवाजी महाराजांची मूर्ती बैठी असून तिला दाढी नाही, आणि डोक्यावर प्रचलित चित्रांतील जिरेटोपाऐवजी कोळ्यांच्या टोपीसारखे शिरस्त्राण आहे. मूर्तीवर एरवी मुखवटा असतो. मंदिरात पूजाअर्चा चालू आहे. भवानी, महादेव आणि जरीमरी यांचीही मंदिरे किल्ल्यात आहेत.

दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी आहे. बेटावर मुरणारे पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर साठून राहते. लहान बेटांवरील गोड्या विहिरींचे सर्वसाधारण स्पष्टीकरण हेच आहे. हे पाणी नसते, तर वेढ्याच्या काळात शिबंदीचा निभाव लागला नसता. किल्ल्यात आजही काही कुटुंबांची वस्ती आहे. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या, की त्यांना बाजार, शाळा आणि दवाखाना यांसाठी समुद्राच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. दोन फांद्या फुटलेला माड हे पूर्वी येथील एक आकर्षण होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत सिंधुदुर्ग आहे. कोकण किनाऱ्यावरील खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे अन्य सागरी दुर्गही त्याच यादीत आहेत.

ओहोटीच्या वेळी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून पद्मगडापर्यंत वाळूतून चालत जाता येते. भरती सुरू झाल्यावर ही वाट पाण्याखाली जाते. म्हणून वेळेची चौकशी स्थानिकांकडे करूनच तिकडे निघणे सुरक्षित ठरते. राजकोटचे थोडेच अवशेष उरले आहेत. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा मुख्य कार्यक्रम मालवण–तारकर्ली किनाऱ्यावर झाला, तेव्हा राजकोट येथे शिवाजी महाराजांच्या पूर्णाकृती पुतळ्याचे अनावरण करण्यात आले. हा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. या घटनेचे राज्यभर तीव्र पडसाद उमटले. त्याच जागी उभारलेल्या अधिक उंच पुतळ्याचे अनावरण मे २०२५ मध्ये झाले.

सागरी अभयारण्य

सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नद्यांचा गाळ मोठ्या प्रमाणात समुद्रात येत असल्यामुळे प्रवाळांना अनुकूल जागा कमी आहेत. मालवणच्या खडकांवर त्यांना आधार आणि काही महिने निवळ पाणी मिळते. प्रवाळांबरोबर समुद्रफुले, स्पंज, समुद्री काकड्या, शैवाल आणि खडकांत राहणारे अनेक प्रकारचे मासे येथे दिसतात. किनाऱ्याजवळ कुबड असलेल्या डॉल्फिनचे कळपही आढळतात.

१३ एप्रिल १९८७ रोजी राज्य शासनाने येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले. त्यांपैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र असून उरलेला भाग त्याच्या सभोवतालचे संरक्षक क्षेत्र आहे. घोषणेला स्थानिक मच्छीमारांनी आरंभापासून विरोध केला. आपल्या रोजच्या मासेमारीची जागाच बंद होईल, ही त्यांची भीती होती. ती निराधार नव्हती, कारण अभयारण्याची सीमा ज्या पाण्यातून जाते तेच लहान होड्यांचे मासेमारीचे क्षेत्र आहे. परिणामी अभयारण्य अनेक वर्षे मुख्यतः कागदावर राहिले. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी जैवविविधता प्रकल्प राबविण्यात आला. त्यात बंदीपेक्षा खेकडा, कालवे व शिंपले यांचे संवर्धन आणि कांदळवन पर्यटन अशा पूरक व्यवसायांवर भर होता.

मच्छीमारांना वगळून आखलेल्या संरक्षित क्षेत्रात पाण्याखालचे पर्यटन मात्र वेगाने वाढले, हा येथील विरोधाभास आहे. उथळ पाण्यात, प्रशिक्षकाच्या हाताला धरून काही मिनिटे करावयाचे स्कूबा डायव्हिंग आणि नळी लावून पृष्ठभागावर तरंगत पाहण्याचे स्नॉर्केलिंग मालवणला लोकप्रिय आहे. पोहता न येणारे पर्यटकही ते करतात. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था असून तेथे पाणबुड्यांना रीतसर शिक्षण दिले जाते. याखेरीज अनेक स्थानिक तरुणांनी हा व्यवसाय स्वीकारला आहे. त्यांत मच्छीमार कुटुंबांतील तरुण पुष्कळ आहेत.

राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या (गोवा) संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांवर पाण्याखालील पर्यटनाच्या परिणामांचा अभ्यास केला आहे. नांगर खडकावर पडणे, पोहणाऱ्यांचे पाय लागणे, प्रवाळ हाताने धरणे किंवा त्यावर उभे राहणे यांमुळे वसाहती तुटतात. प्रवाळ दगडासारखा दिसत असला तरी त्याचा पृष्ठभाग जिवंत असतो आणि त्याची वाढ अत्यंत मंद असते. तुटलेला तुकडा भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. समुद्राचे तापमान वाढल्यावर प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटनाही येथे नोंदल्या गेल्या आहेत. नांगराऐवजी कायमच्या बोयांना होड्या बांधणे, माशांना पाव वा बिस्किटे न घालणे आणि एका वेळी उतरणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवणे हे उपाय सर्वमान्य आहेत. अडचण त्यांच्या पालनात आहे.

मासेमारी

मालवण, दांडी, सर्जेकोट, तारकर्ली, देवबाग, आचरा आणि तळाशील येथे मासेमारी चालते. गाबीत समाज हा येथील पारंपरिक मच्छीमारांतील प्रमुख घटक आहे. लहान होड्यांना एका बाजूस तोल सांभाळणारी लाकडी उलांडी लावलेली असे; आता फायबरच्या यांत्रिक होड्या अधिक दिसतात.

पर्यटकांना सहज पाहता येणारी पद्धत म्हणजे रापण. लांबलचक जाळे होडीतून अर्धवर्तुळाकार टाकले जाते. त्याची दोन्ही टोके दोरांनी किनाऱ्यावर आणतात आणि दोन बाजूंना उभे राहिलेले रापणकर ते हळूहळू ओढतात. त्यासाठी पुष्कळ माणसे लागतात आणि मिळालेल्या मासळीचे ठरलेल्या पद्धतीने वाटे केले जातात; जाळ्याचा, होडीचा आणि श्रमाचा वाटा वेगवेगळा असतो. रापण खडकाळ तळावर चालत नाही, जाळे अडकून फाटते. त्यामुळे रापणीच्या वाळूच्या जागा पिढ्यानपिढ्या ठरलेल्या आहेत. रापण ही थांबून करावयाची मासेमारी आहे. बांगडा व तारली यांचे थवे किनाऱ्याजवळ आले तरच जाळे भरते.

हे थवे किनाऱ्याला पोहोचण्यापूर्वीच खोल पाण्यात पकडले जातात, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे. पर्ससीन जाळे थव्याला चहूबाजूंनी वेढून तळाशी दोरी आवळते आणि संपूर्ण थवा एका वेळी उचलते. रात्री प्रखर एलईडी दिव्यांनी मासे आकर्षित करून पकडण्याच्या पद्धतीने वाद अधिक चिघळला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीच्या कालावधीवर व क्षेत्रावर निर्बंध घातले. केंद्र शासनाने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. १९८१ च्या राज्य सागरी मासेमारी नियमन अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढला. तरीही भर समुद्रात अंमलबजावणी करणे अवघड असल्याने मालवणमध्ये या प्रश्नावर मोर्चे, उपोषणे आणि समुद्रातील संघर्ष वेळोवेळी झाले आहेत.

प्रजननकाळात मासळीला उसंत मिळावी म्हणून पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत बंद असते. या दिवसांत उपाहारगृहांत मिळणारी सुरमई किंवा पापलेट बहुधा शीतगृहातील असते. स्थानिक घरांत तेव्हा खाडीचे मासे, सुकी मासळी आणि तिसऱ्या खाल्ल्या जातात.

दक्षिणेकडील किनारा: तारकर्ली व देवबाग

मालवणच्या दक्षिणेस ६ ते ७ किलोमीटरवर तारकर्ली आहे. येथून वाळूचा पट्टा पुढे देवबागपर्यंत जातो. त्याच्या एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी आहे. काही ठिकाणी दोन्ही पाण्यांमधील जमीन इतकी अरुंद आहे, की ती पायी काही मिनिटांत ओलांडता येते. देवबागच्या टोकाला नदी समुद्रास मिळते. पलीकडच्या तीरावर वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे आणि पुढे निवतीचा किल्ला आहे.

संगमाजवळच्या वाळूच्या उंचवट्याला ‘त्सुनामी बेट’ म्हणतात. २००४ च्या त्सुनामीत ते वर आले, असे स्थानिक सांगतात. नदीमुखातील वाळूचे बांध दर पावसाळ्यात जागा बदलत असतात, त्यामुळे या बेटाचा आकारही कायम नाही. भरतीला त्याचा मोठा भाग पाण्याखाली जातो. येथे जलक्रीडेची दुकाने गर्दी करून असतात.

देवबागचे रहिवासी अनेक वर्षांपासून किनाऱ्याच्या धुपीला तोंड देत आहेत. लाटांनी माड उन्मळून पडणे आणि पाणी घरांपर्यंत येणे येथे नवीन नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने मालवण तालुक्यात घरे, बागा, होड्या व विजेचे खांब यांचे मोठे नुकसान केले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. धूप रोखण्यासाठी दगडी बंधारे घालण्यात आले आहेत. बंधाऱ्याने त्या जागेचे रक्षण होते, मात्र बंधाऱ्यालगतची वाळू कमी होते आणि धूप शेजारी सरकते, असा अनुभव जगभर आहे. याच अरुंद पट्टीवर न्याहारी-निवास योजनेतील घरे, लॉज आणि रिसॉर्ट वाढत आहेत. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत मच्छीमाराचे राहते घर आणि बाहेरच्या गुंतवणूकदाराचे हॉटेल यांत फरक कसा करावा, हा येथील ग्रामसभांमधील नेहमीचा प्रश्न आहे.

जलप्रवासातील सुरक्षितता

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रवासी होड्या आणि जलक्रीडा पावसाळ्यापूर्वी बंद केल्या जातात; बंदर खात्याच्या आदेशाप्रमाणे ही मुदत साधारणपणे २६ मे ते ३१ ऑगस्ट अशी असते. या काळात सिंधुदुर्ग किल्ल्यावरही जाता येत नाही. पावसाळ्यात मालवणला येणाऱ्यांना किल्ला केवळ किनाऱ्यावरून पाहावा लागतो.

मुदतीच्या आधीचे दिवस निर्धोक असतात असे नाही. २४ मे २०२२ रोजी, म्हणजे हंगाम बंद होण्याच्या दोन दिवस आधी, स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटून दोघांचा मृत्यू झाला. उन्हाळी सुटीची गर्दी आणि वाऱ्याची दिशा बदलण्याचा काळ एकाच वेळी येतो. व्यवसायाच्या दृष्टीने हा सर्वांत लाभाचा आठवडा असतो आणि समुद्राच्या दृष्टीने सर्वांत बेभरवशाचा. जीवनरक्षक जाकीट प्रत्यक्ष अंगात घातलेले असणे, होडीवर तिची प्रवासीक्षमता लिहिलेली असणे आणि ती पाळली जाणे या किमान बाबी प्रवाशाला स्वतः पाहता येतात. तारकर्लीचा किनारा दिसायला शांत असला, तरी पाण्याच्या आतल्या ओढीने पोहणारे बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. चिवला किनाऱ्याला खडकांचा अडोसा असल्याने तेथील पाणी त्या मानाने शांत असते. दर वर्षी डिसेंबरमध्ये तेथे राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते.

खाद्यसंस्कृती

ओला नारळ, कोकम, तिरफळ आणि भाजून दळलेला मालवणी मसाला ही येथील स्वयंपाकाची ओळख आहे. बांगड्याच्या आमटीत तिरफळ हवेच, असा घरोघरचा आग्रह असतो. वडे-सागोती, सोलकढी, तिसऱ्यांचे सुके, घावणे आणि नारळाच्या गोड रसाबरोबर खाल्ले जाणारे शिरवाळे हे प्रसिद्ध पदार्थ होत. गुळाच्या पाकात घोळवलेले, आल्याचा स्वाद असलेले मालवणी खाजे जत्रांतून विकले जाते आणि गावाहून परतताना आवर्जून नेले जाते. कोकमाचे आगळ व काजूगर यांचीही बाजारपेठेत मोठी विक्री होते.

सण व उत्सव

नारळी पौर्णिमेला मालवण बंदरावर मोठी गर्दी होते. किल्ल्यावरून तसेच शहरातून समुद्राला नारळ अर्पण केला जातो आणि बाजारात नारळ लढविण्याच्या स्पर्धा होतात. मच्छीमारांच्या दृष्टीने हा नव्या हंगामाचा आरंभ असतो.

मसुरे येथील आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा लाखो भाविकांना आकर्षित करते. या जत्रेला ठरावीक तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दर वर्षी दिवस ठरविला जातो व तो जाहीर झाला की मुंबईतील चाकरमानी गाड्यांचे आरक्षण करण्यास धावतात. साधारणपणे ती फेब्रुवारी–मार्चच्या सुमारास येते. आचरा गावात काही वर्षांच्या अंतराने ‘गावपळण’ पाळली जाते. तेव्हा सर्व ग्रामस्थ गुराढोरांसह गावाच्या वेशीबाहेर जाऊन तीन दिवस राहतात. शहरातील मेढा भागात जयगणेश मंदिर आहे. ते ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी बांधले.

किनाऱ्यापासून आत

समुद्राशी थेट संबंध नसलेले, तरीही मालवण भेटीत चुकवू नये असे ठिकाण म्हणजे धामापूरचा तलाव. सोळाव्या शतकात नागेश देसाई यांनी बांधलेला हा तलाव आजही सिंचनासाठी वापरात असून काठावर भगवती देवीचे मंदिर आहे. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये त्यास जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. उत्तरेस देवगड तालुक्यात कुणकेश्वराचे मंदिर आणि विजयदुर्ग किल्ला आहे. दोन्हींसाठी वेगळा दिवस ठेवावा लागतो.

दळणवळण

मुंबई–गोवा महामार्गावरील कसाल येथून मालवणला फाटा जातो. कोकण रेल्वेची कुडाळ, सिंधुदुर्ग आणि कणकवली ही स्थानके जवळची असून त्यांपैकी कुडाळ सर्वांत सोयीचे, सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तेथून एस.टी. बस व रिक्षा मिळतात. कोल्हापूरकडून घाटमार्गे येता येते. नांदेड, पूर्णा, परभणी अशा मराठवाड्यातील ठिकाणांहून येणाऱ्यांना पुणे किंवा पनवेल गाठून कोकण रेल्वेने, अथवा कोल्हापूरमार्गे रस्त्याने येणे सोयीचे पडते. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाला.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा प्रवासाचा उत्तम काळ मानला जातो. पावसाचा गढूळपणा जाऊन पाणी निवळल्यावर प्रवाळ स्पष्ट दिसतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्यांत निवासाची आगाऊ नोंदणी करावी लागते. सकाळच्या पहिल्या होड्यांनी किल्ल्यावर गेल्यास ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात. परतीच्या होडीची वेळ मात्र उतरतानाच नावाड्याला विचारून ठेवावी लागते.